आधी खणले, मग बुजवले

१९३५च्या ऑगस्टमध्ये एकोणसाठ वर्षांचा एक गृहस्थ अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. मिशांना मेण लावून टोके पिळलेली, अंगात थ्री-पीस सूट, चेहऱ्यावर एके काळी भरपूर पैसा पाहिलेल्या माणसाचा डौल. रोज नवे गाव, नवा गोल्फ क्लब. दिवसभर मैदान पायांखाली घालायचे, क्लबच्या मंडळींना सल्ला द्यायचा आणि दिवस मावळला की पत्र लिहायला बसायचे. आज कुठे गेलो, काय पाहिले, काय सांगितले, याचा हिशेब त्या पत्रात असे. क्लबांना सल्ला फुकट होता. खर्च उचलत होती व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना, म्हणजे पीजीए; पत्रे जात ती तिच्या अध्यक्षाच्या नावे. आणि बहुतेक ठिकाणी सल्ला एकच असे : हे खड्डे बुजवा.

खड्डे म्हणजे बंकर. पहिला फटका जिथून मारतात ती टी. भोक आणि झेंडा असलेली गुळगुळीत हिरवळ म्हणजे ग्रीन. या दोहोंच्या मधल्या वाटेत, कधी कडेला तर कधी ऐन मध्यावर, वाळूने भरलेले खोलगे असतात. चेंडू त्यात उतरला की बाहेर काढताना भल्याभल्यांना घाम फुटतो. पण या गृहस्थाची तक्रार वेगळी होती. टीपासून शंभर-दीडशे यार्डांवरच्या खड्ड्यांचा चांगल्या खेळाडूला काहीही उपद्रव नाही, त्याचा चेंडू त्यांच्या डोक्यावरून निघून जातो. अडकतो तो नवशिका, जो आधीच रडकुंडीला आलेला असतो. शिवाय प्रत्येक खड्ड्याला वाळू हवी, कडा कापायला माणूस हवा, आणि मंदीने कंबरडे मोडलेल्या क्लबांकडे माणसाला द्यायला पैसे नव्हते. या निरुपयोगी खड्ड्यांना त्याने नाव ठेवले होते ‘डफर्स हेडेक’, म्हणजे अडाणी खेळाडूची डोकेदुखी. दोन वर्षांच्या दौऱ्यात असे सात हजारांहून अधिक खड्डे त्याने बाद ठरवले.

त्याचे नाव अल्बर्ट वॉरेन टिलिंगहास्ट. आणि त्याआधीची पंचवीस वर्षे त्याचा धंदा होता गोल्फची मैदाने आखण्याचा. सरळ सांगायचे तर खड्डे खणण्याचा.

हा धंदा तसा फार जुना नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकाडांमध्ये गोल्फ शतकानुशतके खेळला गेला, पण ती मैदाने कुणी आखली असे म्हणता येत नाही. वारा, गवत आणि मेंढ्या यांनी मिळून ती घडवली. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या जिथे अंग चोरून बसत तिथली माती उघडी पडे आणि वाळूचा खड्डा तयार होई, अशी बंकरची जन्मकथा सांगतात. पुढे एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली, खेळ आतल्या गावांमध्ये पसरला आणि नव्या क्लबांना जाणत्या माणसाची गरज भासू लागली. मग सेंट अँड्र्यूजहून ओल्ड टॉम मॉरिसला बोलावणे जाई. मैदानाची निगा राखणे आणि काठ्या बनवणे हा त्याचा रोजचा उद्योग. दिवसाला एक पौंड आणि प्रवासखर्च एवढ्यावर तो येई, जमीन पायांखालून घाली, इथे टी, इथे ग्रीन असे दाखवत खुंट्या ठोकी आणि गाडी पकडून परत जाई. रविवारच्या दुपारी अठरा खुंट्या ठोकल्या की झाले मैदान, अशी या पद्धतीची टिंगल नंतरच्या पिढीने केली. टिंगल करणारे, त्या खुंट्यांवर उभी राहिलेली काही मैदाने शंभर वर्षांनंतरही जगातल्या उत्तम मैदानांत गणली जातात, हे मात्र सोयीने विसरले.

गोल्फ इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात लवकर पोहोचला. कलकत्त्याचा क्लब १८२९चा, मुंबईचा १८४२चा. अमेरिकेतल्या पहिल्या टिकाऊ क्लबांपैकी एक म्हणजे न्यू यॉर्कजवळ याँकर्सचा, तो १८८८चा. म्हणजे मुंबईत साहेब लोक चेंडू टोलवू लागले त्याला शेहेचाळीस वर्षे झाली होती, तेव्हा अमेरिका कुठे हा खेळ शिकायला बसत होती. पण उशिरा शिकणाऱ्यांची भूक मोठी असते. पुढच्या चाळीस वर्षांत अमेरिकेत मैदानांची संख्या पाच हजारांच्या पुढे गेली आणि त्या भुकेवरच हा नवा धंदा पोसला गेला.

या धंद्याला शाळा नव्हती, परीक्षा नव्हती, पदवी तर नव्हतीच. त्यामुळे त्यात शिरणारा प्रत्येक जण दुसरे काहीतरी सोडून आलेला. इंग्लंडचा हॅरी कोल्ट सॉलिसिटर होता. अॅलिस्टर मॅकेन्झी डॉक्टर; बोअर युद्धात शत्रूने केलेली लपवाछपवी पाहून आलेला, आणि निसर्गात मिसळून जाईल असा खड्डा कसा खणावा याचे धडे तिथून घेतलेला. अमेरिकेत सेथ रेनर स्थापत्य अभियंता. त्याच्या हाताखाली आलेला चार्ल्स बँक्स शाळेत इंग्रजी शिकवत होता. गोल्फपटू असून हा व्यवसाय म्हणून पत्करणाऱ्या पहिल्या काहींत विली पार्क धाकटा. त्याच्या वडिलांनी ब्रिटनमधली १८६०ची पहिली ओपन स्पर्धा जिंकलेली, त्याने स्वतः १८८७ आणि १८८९ची. १९०१मध्ये लंडनजवळ सनिंगडेल आखून त्याने नाव कमावले आणि त्याच सुमारास हंटरकूंब या दुसऱ्या मैदानात स्वतःची पुंजी घालून ती गमावली. पुढे अमेरिकेत जाऊन राबराब राबला, तब्येत खचली आणि १९२५मध्ये वारला. धंदा नवा होता, पण माणसाला वर नेऊन खाली आपटण्याची कला त्याला पहिल्या पिढीतच साधली होती.

अमेरिकेत या वेडाचे खरे माहेरघर फिलाडेल्फिया. मराठी वाचकाला या शहराची ओळख करून द्यायची तर क्रिकेटच्या वाटेने द्यावी लागेल, कारण एके काळी अमेरिकेतली ही क्रिकेटची नगरी होती. फिलाडेल्फिया क्रिकेट क्लब १८५४चा. रणजितसिंहजी १८९९मध्ये आपला संघ घेऊन अमेरिकेत गेले, ते याच शहराच्या संघाशी खेळायला. मुंबईतल्या जिमखान्यांसारखेच इथले क्लब. फरक एवढाच की मुंबईने क्रिकेट सोडले नाही आणि फिलाडेल्फियाच्या शेठजींनी बॅट ठेवून गोल्फची काठी उचलली. एका क्रिकेट क्लबाच्या आवारात १९०७ आणि १९१० अशा दोन वेळा अमेरिकेची ओपन गोल्फ स्पर्धा भरली, यावरून ते स्थित्यंतर ध्यानात यावे.

टिलिंगहास्ट याच शहरातला, १८७६चा जन्म. रबरी मालाचा धंदा करणाऱ्या बापाचा एकुलता एक मुलगा, आणि एकुलते एक मुलगे वाया जाण्याचे जेवढे प्रकार असतात ते त्याने मन लावून करून पाहिलेले. शिक्षण धड झाले नाही. क्रिकेट खेळून झाले. लग्न लवकर झाले. नोकरीधंद्याचे नाव नाही. एक गोष्ट मात्र त्याने मनापासून केली : तरुणपणी तो स्कॉटलंडला वारंवार गेला, सेंट अँड्र्यूजला म्हाताऱ्या टॉम मॉरिसच्या पायाशी बसला, त्याचे फोटो काढले, त्याच्या गोष्टी ऐकल्या. खेळाडू म्हणूनही तो कच्चा नव्हता. १९१०च्या ओपन स्पर्धेत हौशी खेळाडू असून तो पंचविसावा आला. पण पंचविसाव्या क्रमांकावर संसार चालत नाही आणि तोवर तिशी उलटून गेली होती.

मग नशीब पंप विकणाऱ्या माणसाच्या रूपाने आले. चार्ल्स वर्दिंग्टन हा पंपांच्या कारखानदारीत गब्बर झालेला उद्योगपती. डेलावेअर नदीकाठी शॉनी इथे त्याला हॉटेल काढायचे होते आणि हॉटेलाला गोल्फचे मैदान हवे होते. त्याने हे काम टिलिंगहास्टला सांगितले. टिलिंगहास्टने तोवर एकही मैदान आखलेले नव्हते. त्याने हो म्हटले. १९११मध्ये मैदान खुले झाले, लोकांना आवडले, आणि पस्तिशीच्या उंबरठ्यावर या उडाणटप्पू माणसाला आपल्याला काय येते याचा पत्ता लागला. वर्दिंग्टनही तिथेच थांबला नाही. एवढे गवत कापायचे कसे या चिंतेतून त्याने अनेक पाती एका रांगेत जोडलेले यंत्र बनवले आणि त्याचा वेगळा कारखाना काढला.

टिलिंगहास्टच्या आसपास तेव्हा जी मंडळी होती त्यांच्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण धंदा कसा धरावा आणि कसा सोडावा याचे सगळे प्रकार त्या एका मित्रमंडळात सापडतात.

जॉर्ज क्रम्पचे फिलाडेल्फियात मोठे हॉटेल होते. ते विकून त्याने न्यू जर्सीतल्या पाइनच्या रानात १८४ एकर वाळवंटी जमीन घेतली आणि ‘पाइन व्हॅली’ उभारायला घेतली. हॅरी कोल्ट १९१३मध्ये येऊन आराखडा देऊन गेला, पण क्रम्पचे समाधान होईना. तो त्या रानातच राहायला गेला. बावीस हजार बुंधे उपटून झाल्यावर बुंधे मोजणे त्याने सोडून दिले, अशी नोंद आहे. रोज पाहायचे, रोज बदलायचे, पैसा स्वतःचाच. १९१८च्या जानेवारीत तो अचानक गेला तेव्हा चौदा होल, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतचे टप्पे, तयार होते, चार बाकी. पाइन व्हॅली पुढे कित्येक वर्षे जगातले सर्वोत्तम मैदान म्हणून गाजली. क्रम्पने आयुष्यात आखलेले हे एकच मैदान, आणि तेही त्याला पुरे करता आले नाही.

ते चार होल पुरे करायला जे मित्र धावले त्यांत ह्यू विल्सन होता. हा विमाव्यवसायातला. मेरियन क्रिकेट क्लबाला नवे गोल्फ मैदान हवे होते, म्हणून क्लबाने एक समिती नेमली आणि विल्सनला तिच्यावर बसवले. समितीने सोपवलेले काम समितीच्या रीतीने, म्हणजे बैठका घेऊन आणि चहा पिऊन, संपवता आले असते. विल्सनने ते जिवावर घेतले. इंग्लंड-स्कॉटलंडची मैदाने हिंडून आला, गवताच्या बियाण्यावर सरकारी शास्त्रज्ञांशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करत बसला. मेरियन १९१२मध्ये खुले झाले आणि त्यावर आजवर पाच वेळा अमेरिकेची ओपन स्पर्धा झाली आहे. विल्सनने मात्र विमा सोडला नाही. १९२५मध्ये पंचेचाळिशीत तो वारला.

तिसरा जॉर्ज थॉमस, बँकरच्या घरातला. घरच्या जमिनीवर त्याने गोल्फचे मैदान काढले, पहिल्या महायुद्धात विमानदलात कॅप्टन झाला, युद्धानंतर कॅलिफोर्नियाला स्थायिक झाला. तिथे लॉस एंजेलिसच्या आसपास त्याने रिव्हिएरा, बेल-एअर आणि लॉस एंजेलिस कंट्री क्लबचे उत्तर मैदान अशी एकाहून एक सरस मैदाने आखली, आणि आखणीचे पैसे कधी घेतले नाहीत. १९२७मध्ये या शास्त्रावर पुस्तक लिहिले. मग ऐन भरात असताना ते सोडून समुद्रात मासे पकडायला गेला. त्याआधी गुलाबांच्या नव्या जाती तयार करून झाल्या होत्या, गुलाबांवर ग्रंथ लिहून झाले होते. आता माशांवर लिहिला. १९३२मध्ये तो वारला तेव्हा त्याला सोडून गेल्याची खंत वाटावी अशी एकही गोष्ट नसावी. ज्याला पोटासाठी धंदा करायचा नसतो त्याला तो असा टोपी काढून ठेवावी तसा काढून ठेवता येतो.

टिलिंगहास्टला ती चैन नव्हती. बाकी सगळ्या चैनी होत्या. १९२०चे दशक अमेरिकेत पैशाचे, आणि त्याचेही. न्यू यॉर्कमध्ये कचेरी, न्यू जर्सीत मोठे घर, गाडीला शोफर. नाटकांत पैसा ओतायची हौस, जुन्या वस्तू जमवायचा नाद आणि दारूशी घट्ट मैत्री. कामाच्या जागी सावलीत बसून, खिशातल्या चपट्या बाटलीचा अधूनमधून आस्वाद घेत तो मजुरांच्या टोळीला हुकूम सोडत असे, असे त्याला पाहिलेले लोक सांगत. पण सावलीतून सोडलेले ते हुकूम ऐकण्यासारखे होते. आराखडा कागदावर कमी आणि मातीत जास्त ठरे. त्याचा सगळा जीव ग्रीनमध्ये. चेंडू लांब मारणे हा बैलाचा गुण आहे, हिरवळीवर नेमक्या जागी उतरवणे हा माणसाचा, अशा थाटाने त्याच्या ग्रीन रचलेल्या असत : आकाराने आटोपशीर, उतार फसवे आणि दोन्ही अंगांना खोल खड्ड्यांचा पहारा.

न्यू जर्सीतल्या बाल्टसरॉल क्लबाने त्याला १९१८च्या सुमारास बोलावले. त्यांच्याकडे आधीच एक नामांकित मैदान होते, ज्यावर १९०३ आणि १९१५च्या ओपन स्पर्धा झाल्या होत्या. त्यांना शेजारी आणखी एक हवे होते. टिलिंगहास्टने सांगितले, जुने मोडा, मी एकदम दोन नवी देतो. क्लबाने ऐकले. दुसऱ्याच्या हातचे ते जुने मैदान नांगराखाली गेले आणि १९२२मध्ये ‘अपर’ आणि ‘लोअर’ अशी दोन मैदाने उभी राहिली. ते नांगरलेले मैदान कुणी रचले होते, हे विचारायची गरज त्या वेळी कुणाला वाटली नाही. टिलिंगहास्टला तर नाहीच.

पाठोपाठ न्यू यॉर्कच्या उत्तरेला विंग्ड फूटची दोन मैदाने. हजारो टन खडक सुरुंगाने उडवला, हजारो झाडे तोडली. क्लबाला मर्दाला शोभेल असे मैदान हवे होते आणि त्याने दिले. १९२९च्या उन्हाळ्यात विंग्ड फूटवर अमेरिकेची ओपन भरली. शेवटच्या दिवशी, शेवटच्या होलवर बारा फुटांचा पट, म्हणजे हिरवळीवरून चेंडू भोकात ढकलायचा फटका, गोल्फपटू बॉबी जोन्सला घालायचा होता. चुकला तर स्पर्धा गेली. चेंडू काठावर रेंगाळून आत पडला, बरोबरी झाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत जोन्सने अल एस्पिनोसाला तेवीस फटक्यांनी धुवून काढले. टिलिंगहास्टच्या कारकिर्दीतला हा सर्वात उंच दिवस.

चार महिन्यांत वॉल स्ट्रीट कोसळला.

गोल्फचे मैदान ही पैसा उतू जाताना बांधायची वस्तू. पैसा आटला की पहिली काट तिच्यावरच. नवी कामे थांबली, ठरलेली रद्द झाली, बांधलेल्या क्लबांचे सभासद वर्गणी देईनात. सगळ्याच आखणीकारांची गत एक झाली. मॅकेन्झीने बॉबी जोन्ससाठी ऑगस्टा नॅशनल आखले; पुढे मास्टर्स स्पर्धेमुळे जगातले सर्वाधिक पाहिले जाणारे मैदान ठरलेले ते हेच. त्याचे ठरलेले पैसे त्याला पुरते कधीच मिळाले नाहीत. पहिली स्पर्धा भरण्याआधीच, १९३४च्या जानेवारीत, कॅलिफोर्नियात स्वतःच आखलेल्या मैदानाच्या कडेच्या घरात तो वारला. त्याने लिहून ठेवलेले पुस्तक कागदांत पडून राहिले आणि १९९५मध्ये छापले गेले.

टिलिंगहास्टने आधी लेखणीचा आधार घेतला. गोल्फवर तो पहिल्यापासून लिहीत असे, गोष्टींची पुस्तकेही त्याच्या नावावर होती. १९३३मध्ये तो ‘गोल्फ इलस्ट्रेटेड’ मासिकाचा संपादक झाला. पण ज्या धंद्याच्या जाहिरातींवर मासिक चालायचे तो धंदाच आडवा झालेला. त्याच सुमारास न्यू यॉर्कच्या उद्यानांचा सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस याने लाँग आयलंडवर बेथपेज इथे सर्वसामान्यांसाठी गोल्फची मैदाने काढायला घेतली. बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून मजूर मिळाले आणि सल्लागार म्हणून टिलिंगहास्टला घेतले. तिथले ‘ब्लॅक’ मैदान १९३६मध्ये खुले झाले. आखणी किती त्याची आणि किती तिथला व्यवस्थापक जोसेफ बरबेक याची, हा वाद अजूनही मिटलेला नाही. खड्डे मात्र अवाढव्य आहेत, एकेकात तालीम बांधता येईल एवढे. पहिल्या टीजवळ पाटी आहे : हे मैदान अतिशय अवघड आहे, पट्टीच्या खेळाडूंनीच यावे.

आणि मग तो दौरा. एकीकडे बेथपेजचे राक्षसी खड्डे खणले जात होते, दुसरीकडे टिलिंगहास्ट गावोगाव खड्डे बुजवत चालला होता. त्याला ढोंगी म्हणणे सोपे आहे, पण त्याची पत्रे पाहिली तर तो मनापासून बोलत होता असेच वाटते. जाणत्या खेळाडूची परीक्षा घेणारा खड्डा वेगळा, आणि दुबळ्याला छळणारा वेगळा, हा त्याचा मुद्दा जुनाच होता; मंदीने त्याला हिशेबाची जोड दिली. तरीही उमेदीची वर्षे मैदाने उभी करण्यात घालवून उतारवयात दुसऱ्यांच्या मैदानांवर खोडरबर फिरवायचे काम करावे लागले, ही गोष्ट त्याला बोचली नसेल असे मानणे कठीण. पीजीएचे अनेक सभासदही या खर्चावर कुरकुर करत होते. मंदीत दुसऱ्याला पैसे वाचवायला शिकवणाऱ्या माणसाचा पगार सगळ्यात आधी डोळ्यांवर येतो.

दौरा संपल्यावर १९३७मध्ये तो कॅलिफोर्नियाला, बेव्हर्ली हिल्सला गेला. जॉर्ज थॉमसची मैदाने ज्याने प्रत्यक्ष बांधली त्या विल्यम बेलबरोबर भागीदारीचा थोडा खटाटोप झाला, जमले नाही. मग बायकोच्या साथीने त्याने जुन्या वस्तूंचे दुकान थाटले. सुबत्तेच्या काळात हौसेने जमवलेल्या चीजवस्तू तिथे विकायला मांडल्या. ज्या नादापायी पैसे उडाले त्यानेच आता चार पैसे दिले, असे म्हणायला हरकत नाही. सिनेमावाल्यांच्या त्या वस्तीत काउंटरमागे उभा असलेला मिशाळ म्हातारा कोण, हे गिऱ्हाइकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १९४०मध्ये हृदयविकाराचा झटका आला, तो मुलीकडे ओहायोतल्या टोलिडोला गेला आणि १९४२च्या मे महिन्यात तिथेच वारला. जग तेव्हा महायुद्धात गुंतले होते. गोल्फच्या जगालाही फारशी चाहूल लागली नाही.

टिलिंगहास्ट बाहेर पडत असतानाच एक तरुण या धंद्यात आत येत होता. रॉबर्ट ट्रेंट जोन्स याला शाळेत असतानाच गोल्फ मैदाने आखायची होती, आणि तसा अभ्यासक्रम कुठेच नव्हता. तेव्हा त्याने कॉर्नेल विद्यापीठात खास विद्यार्थी म्हणून नाव घातले आणि भूदृश्यरचना, शेती, पाण्याचे शास्त्र, अर्थशास्त्र, इतकेच काय पण भाषणकला अशी वेगवेगळ्या विभागांतली ताटे एकत्र करून आपला अभ्यासक्रम आपणच वाढून घेतला. दुसरे काही सोडून न येता सुरुवातीपासून हेच शिकून आलेला हा पहिला माणूस. तो १९३०मध्ये धंद्यात उतरला. याहून वाईट मुहूर्त कुठल्या पंचांगात सापडला नसता. तरी सरकारी रोजगार योजनेतली कामे धरून तो तगला आणि महायुद्धानंतर जगातला सर्वात मोठा आखणीकार झाला. १९४७मध्ये पाइनहर्स्टला मोजक्या आखणीकारांनी एकत्र येऊन आपली संघटना काढली, तिच्या संस्थापकांतही तो होता.

१९५४ची ओपन बाल्टसरॉलच्या लोअर मैदानावर ठरली, तेव्हा टिलिंगहास्टचे मैदान नव्या काळासाठी कठीण करून देण्याचे काम ट्रेंट जोन्सकडे आले. त्याने खड्डे हलवले, टी मागे नेल्या, तळ्यावरून मारायचा चौथा होल इतका अवघड केला की सभासद रागावले. तेव्हा जोन्स क्लबाच्या लोकांना घेऊन टीवर गेला, चेंडू ठेवला आणि मारला. चेंडू तळे ओलांडून हिरवळीवर टप्पा घेत थेट भोकात गेला. होल अगदी रास्त आहे, एवढेच म्हणून जोन्स वळला. गोल्फच्या दुनियेत ही कथा तिखटमीठ लावून अजून सांगतात. त्यात टिलिंगहास्टचे नाव येत नाही. बत्तीस वर्षांपूर्वी त्याने एक मैदान नांगरून हे केले होते. आता त्याच्या मैदानावर दुसऱ्याचा हात फिरला.

नाव परत आले ते १९७४मध्ये, आणि योगायोगाने. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेत काम करणाऱ्या फ्रँक हॅनिगनच्या ध्यानात आले की त्या वर्षीच्या चार मोठ्या स्पर्धांची मैदाने एकाच माणसाच्या हातची आहेत : ओपनसाठी विंग्ड फूट, हौशी खेळाडूंच्या स्पर्धेसाठी रिजवुड, महिलांच्या कर्टिस चषकासाठी सॅन फ्रान्सिस्को गोल्फ क्लब आणि कुमारांच्या स्पर्धेसाठी ब्रुकलॉन. तो माणूस कोण, हे धड कुणाला सांगता येईना. हॅनिगनने शोध घेऊन संघटनेच्या नियतकालिकात दीर्घ लेख लिहिला. त्याच जूनमध्ये विंग्ड फूटने जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंची अशी काही दैना केली की ती स्पर्धा ‘विंग्ड फूटची कत्तल’ म्हणून ओळखली जाते. हेल अर्विन जिंकला तो पारपेक्षा, म्हणजे मैदानाच्या ठरीव फटक्यांपेक्षा, सात फटके जास्त घेऊन. मेल्यानंतर बत्तीस वर्षांनी टिलिंगहास्टच्या ग्रीनने त्याची ओळख अशी करून दिली. २०१५मध्ये गोल्फच्या जागतिक सन्मान दालनात त्याचे नाव बसले.

२००६पासून अमेरिकेत उघडणाऱ्या मैदानांपेक्षा बंद पडणारी मैदाने अधिक होऊ लागली. १९९०च्या दशकात वर्षाला शेकड्यांनी मैदाने निघत होती, तेव्हा या धंद्यात आलेल्या अनेकांना टेबले आवरावी लागली. जे उरले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना जुन्या मैदानांच्या जीर्णोद्धाराने तारले. जुने फोटो, विमानातून घेतलेली छायाचित्रे, क्लबाच्या माळ्यावरचे नकाशे काढायचे, बुजलेल्या खड्ड्यांच्या कडा शोधायच्या आणि मैदान मूळ आखणीकाराने सोडले होते तसे करून द्यायचे. या कामात आघाडीचे नाव गिल हान्स. २०१६चे रिओ ऑलिंपिकचे मैदान याचेच. कचेरी फिलाडेल्फियाजवळ, शिक्षण कॉर्नेलचे. विंग्ड फूट त्याने दुरुस्त केले, मग बाल्टसरॉलच्या लोअर मैदानाला हात घातला. ट्रेंट जोन्सने आणि त्याच्यानंतरच्यांनी केलेले बदल एकेक करून काढले, आक्रसलेल्या ग्रीन पुन्हा मूळ कडांपर्यंत पसरवल्या, आणि टिलिंगहास्टच्या काळचे खड्डे त्यांच्या जुन्या जागी पुन्हा खणले. २०२१मध्ये मैदान खुले झाले. चौथ्या होलवरचे तळे तेवढे जागच्या जागी आहे.